सासूबाई येणार होत्या

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. ऑफिसने एकदा कामाचा ताण हलका व्हावा म्हणून एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं. वाटलं, सांगून टाकावं, परकी बाई आहे, शिवाय गुप्तता पाळायचा तिला पगार मिळतो — पण तिथेही मी तासभर माझ्या गुडघेदुखीबद्दल बोलून परत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्हाला मराठी येतं म्हणून. ही गोष्ट इंग्रजीत सांगायला गेलं की तिच्यातला मुख्य गुन्हाच निसटून जातो. का, ते कळेल.

आधी मी काम काय करते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच जीवाला लावून घेतेय.

मी मेलबर्नमध्ये सरकारी वकील आहे. चोर-दरोडेखोरांना तुरुंगात धाडणारी नव्हे. रंगामुळे, धर्मामुळे, अपंग आहे म्हणून, म्हातारा आहे म्हणून, नाव उच्चारता येत नाही म्हणून कुणाला घर नाकारलं, नोकरी नाकारली, तर त्या माणसाच्या बाजूने मी उभी राहते. आणि चांगली उभी राहते. हे विनय सोडून सांगते, कारण पुढे विनयाला भरपूर जागा आहे. घर भाड्याने देणाऱ्या एजंटांचे वर्गही मी घेते. त्यात माझं एक आवडतं वाक्य आहे — ज्या उत्तराची तुम्हाला गरज नाही, तो प्रश्न विचारू नका. हे म्हणून मी जरा थांबते. एजंट लिहून घेतात. मला फार बरं वाटतं.

इथल्या मराठी मंडळात मला ‘वकीलबाई’ म्हणतात. गणपतीत माझं भाषण ठेवतात, आरती आणि जेवण यांच्या मधोमध, म्हणजे कुणाला पळून जाता येऊ नये अशा जागी. विषय दर वर्षी तोच, ‘आपले हक्क’. दर वर्षी मी तावातावाने सांगते की बाबांनो, इथे तुमचं नाव ऐकून कुणी घर नाकारलं तर गप्प बसू नका. टाळ्या पडतात. कदाचित भाषण संपल्याच्याही असतील.

तर आता मुद्द्यावर येते. येते हो, मुद्दा काही पळून जात नाही. इतकी वर्षं माझ्याच उशाशी बसलाय.

शहराच्या उत्तर टोकाला, क्रेगीबर्नला आमचं घर आहे आणि घरामागे एक ग्रॅनी फ्लॅट. एक खोली, इवलंसं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि स्वतंत्र दार. तो भाड्याने द्यायचं ठरलं. मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकली. ‘मराठी कुटुंब हवे’ असं त्यात लिहिलं नाही हं. तसं लिहिलं की काय होतं हे मला नोकरीमुळे चांगलं ठाऊक. मी फक्त एवढंच केलं, की जाहिरात मराठीत लिहिली. कायद्याला मराठी येत नाही. शेवटी एक साधी ओळ टाकली, ‘घरमालक शाकाहारी आहेत’. कसली अट नाही, नुसती माहिती! दुसऱ्या कुणी असली माहिती दिली असती तर मी तिचं काय केलं असतं, ते सोडा.

त्याच संध्याकाळी फोन आला. “ताई, मी संदेश बोलतोय. ग्रॅनी फ्लॅटची जाहिरात वाचली. फार दिवसांनी कुणीतरी ‘किचन’ न लिहिता ‘स्वयंपाकघर’ लिहिलेलं वाचलं, म्हणून आधी त्याबद्दलच आभार मानतो.”

आता सांगा, अशा माणसाला कोण नाही म्हणेल? काय मराठी होतं त्याचं! माझी मुलगी ईशा मला ‘मॉम, व्हॉट्स फॉर डिनर’ विचारणारी, नवरा मीटिंगच्या भाषेत भाजी मागणारा, आणि हा मुलगा ‘प्रशस्त’, ‘सोयीस्कर’, ‘हवेशीर’ असले शब्द सहज वापरत होता. पाणीपुरवठ्याच्या पाइपांचे नकाशे काढायची नोकरी. बायको सेलिना — नाही, बायकोचं नाव तेव्हा त्याने घेतलं नव्हतं, ‘मिसेस’ म्हणाला — नर्स, आणि तिचं हॉस्पिटल आमच्या घरापासून अगदी जवळ. ती गरोदर होती. सध्या दोघं वेरिबीला एका मित्राच्या घरी, हॉलमध्ये पडदा लावून राहत होते. म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथून तिची शिफ्ट. बाळ यायच्या आत हॉस्पिटलजवळ घर हवं होतं.

मी विरघळले. म्हटलं, शनिवारी या, चावी घेऊनच जा. तो म्हणाला, “ताई, खरंच? आधी भेटून तरी घ्या!” मी म्हटलं, “अरे, बोलण्यावरून माणूस कळतो.” हे माझे शब्द. वर्षानुवर्षं भेदभावाविरुद्ध लढलेल्या बाईचे.

आणि मग मी विचारलं — काय विचारलं असेन? आपण मराठी माणसं फोन ठेवताना काय विचारतो?

“आणि आडनाव काय म्हणालास?”

मी शपथेवर सांगते, विचारतेय हे मला ऐकूसुद्धा आलं नाही. खोकला यावा तसा तो प्रश्न आला. एजंटांना जे कानीकपाळी ओरडून सांगते ते सगळं इंग्रजीत सांगते. कायदा मी इंग्रजीत शिकले, इंग्रजीत भांडले, इंग्रजीत जिंकले. मराठीत माझ्याकडे कायदाच नव्हता. मराठीत माझ्याकडे फक्त माझं ठाण्यातलं बालपण होतं आणि त्यात आडनाव विचारल्याशिवाय कुणाला पाणीसुद्धा देत नव्हते. म्हणजे देत होते, पण पेला वेगळा. प्रत्येक आडनावाला माझ्या डोक्यात एक फ्रिज असतो. आडनाव कळलं की मी तो उघडून बघते, आत काय ठेवलंय. तुम्ही नाही बघत? बरं, नसाल बघत.

“लोपीस,” संदेश म्हणाला. “आम्ही वसईचे, ताई.”

फ्रिज उघडला. आत सुके बोंबील होते.

फोनमधून वास येत नाही हे मलाही कळतं. पण मला आला. आमच्या मागच्या अंगणातून, दोरीवरच्या कपड्यांवरून, थेट देवघरात शिरलेला वास. न शिजलेल्या, न आणलेल्या, न पाहिलेल्या बोंबलांचा! आणि बोंबलांच्या मागून आणखी काहीतरी आलं, ज्याला वास नव्हता. ‘आपल्यातला वाटला होता’ असं काहीतरी. हे दुसरं मी स्वतःशी कबूल करायला फार वेळ लावला. बोंबलांवर सगळं ढकलणं सोपं होतं.

मग मी म्हणाले — आणि इतक्या गोड आवाजात म्हणाले, की कोर्टात मला तो आवाज कधी लागलेला नाही — “अय्या संदेश, बघ ना, बोलण्याच्या नादात मुख्य गोष्टच विसरले. अरे, माझ्या सासूबाई येताहेत! सांगलीहून. कायमच्या! त्यांनाच लागणार बहुतेक तो फ्लॅट.”

चावी देते म्हटल्याला दोन मिनिटं झाली नव्हती. कुणीही शहाणा माणूस समजला असता. संदेश काय म्हणाला?

“अरे वा! आई येताहेत? मग प्रश्नच नाही ताई. नशीबवान आहात. माझा नमस्कार सांगा त्यांना.”

झालं. एवढंच. तुम्ही म्हणाल, याच्यासाठी एवढा गळा काढला? थांबा. ही नुसती सुरुवात आहे.

त्या संध्याकाळी मी स्वतःची वकिली केली. धर्म, रंग, वय यांना कायद्याचं संरक्षण आहे, मासे खाण्याला नाही. मी त्याला धर्मामुळे नाही म्हटलं नाही, स्वयंपाकामुळे म्हटलं. घर माझं, नाक माझं. छान बांधलेला बचाव होता. समोरच्या बाजूने कुणी तो मांडला असता तर मी चहा गार व्हायच्या आत त्याचा चुरा केला असता, हे दिसत होतं. म्हणून मी फार बारकाईने पाहिलं नाही.

पण ‘कायमच्या’ हा शब्द फार महाग पडला. मंडळात बातमी पसरली, वकीलबाईंच्या सासूबाई येताहेत. संदेशनेच आनंदाने सांगितली असणार. बायका विचारू लागल्या, कधी येताहेत, पथ्य काय, ज्येष्ठांच्या भजनात घालणार का. आता सासूबाई खरोखरच आणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ज्या बाईला मी लग्नापासून ‘यंदा नको, इथे फार थंडी आहे’ असं बाराही महिने सांगत आले — आपल्याकडे उन्हाळा तेव्हा इकडे हिवाळा, ही सोय देवानेच केलेली — त्या बाईला मी दर रविवारी फोन करून या या म्हणू लागले.

सासूबाई हुशार. पहिल्या फोनला गप्प राहिल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, “आनंदची नोकरी गेलीय का?” तिसऱ्याला आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुला दिवस गेलेत का गं?” मी सत्तेचाळीस वर्षांची होते. शेवटी स्पष्टच सांगितलं त्यांनी, “हे बघ, माझा इथे पत्त्यांचा ग्रुप आहे. मला कुठे हलवू नकोस.”

माझा नवरा आनंद मात्र हेलावून गेला. त्याच्या आईसाठी मी एवढी झुरते हे पाहून त्याचे डोळे भरून आले, आणि तो आपणहून भांडी घासू लागला. मी ती घासू दिली. हेही लिहून ठेवा.

ईशा मधूनमधून विचारायची, “मॉम, इज आजी अ‍ॅक्चुअली कमिंग, ऑर कॅन आय पुट माय ड्रम्स इन देअर?” हिवाळा लागला तेव्हा त्या फ्लॅटमध्ये ड्रम गेले. बोंबलाचा वास नको म्हणून मी जो फ्लॅट राखला, तिथून आता रोज शाळा सुटल्यावर असा आवाज यायचा की देवघरातली घंटा आपोआप वाजे.

मग मंडळाच्या एका जेवणात संदेश प्रत्यक्ष भेटला. उंच, चष्मेवाला, हसरा. शेजारी सेलिना, पोटावर हात ठेवून खुर्चीत बसलेली, शिफ्टवरून थेट आलेली, पाय सुजलेले. अजून वेरिबीलाच होते दोघं. मी पदर खोचून म्हटलं — म्हणजे पदर नव्हता, जीन्स होती, पण आवेश तोच — अजून घर नाही मिळालं? तेव्हा संदेशने सांगितलं. हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत एक युनिट मिळत होतं. मालक स्वतःच, बॅरी नावाचा प्लंबर. फोनवर हो म्हणाला, नाव-बीव लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, की सॉरी मेट, माझी मम राहायला येतेय.

माझे कान तापले.

“खोटं आहे ते,” मी म्हणाले.

“असेल हो खरं, ताई. कुणाची आई येऊ शकते की. आता तुमच्या सासूबाई नाही का—”

“संदेश, तू भोळा आहेस. हो म्हणायचं, नाव कळलं की आई उगवते. मला ठाऊक आहे ना हे कसं चालतं!”

ठाऊक होतंच. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सेलिना तेव्हा म्हणाली, “जाऊ दे ना ताई, नको भानगडी. आम्हाला खरं तर तुमचंच घर हवं होतं. मला दिवस गेल्यापासून मासळीचा वास सहनच होत नाही, उलट्या होतात. वेरिबीला मित्राकडे रोज तळण असतं. तुमच्या जाहिरातीत शाकाहारी वाचलं आणि मीच ह्याला म्हटलं, लगेच फोन कर.”

मी पाणी प्यायले. आणखी पाणी प्यायले. मग म्हणाले, “तक्रार दाखल करायची. मी बघते.”

का केलं मी हे? या प्रश्नाची बरीच बरी उत्तरं मी तयार ठेवली आहेत. की मला भरपाई करायची होती, की ही माझी नोकरीच आहे. पण खरं सांगू? मला माझ्यासारखा आणखी एक माणूस हवा होता. आणि तो गोरा असला तर फारच उत्तम. त्याला उघडा पाडला की मी जरा झाकले जाईन असं वाटलं असणार.

संदेशचं मन नव्हतं. मी त्याला भरीला घातलं. ऑफिसात ओळखीच्या माणसाचं काम घेताना तसं सांगावं लागतं, तेव्हा मी ‘मंडळातली तोंडओळख’ म्हणून सांगितलं. बॅरीकडून उत्तर आलं ते एका ओळीचं, की मम राहायला आली म्हणून दिलं नाही. मी ते वाचून हसले. बघा, म्हटलं, सांगायला काही नाही त्याच्याकडे! खोटं बोलणारा माणूस इतकं कमी बोलत नाही हे तरी मला कळायला हवं होतं. मी सांगली, सासूबाई, कायमच्या, एवढं सगळं एका दमात सांगितलं होतं.

माझी बॉस फियोना शांत बाई आहे. तिने विचारलं, “पण आई खरंच आली नाही हे तू इतक्या खात्रीने कसं सांगतेस?”

“अनुभव,” मी म्हणाले.

तिने आदराने मान हलवली.

कोर्टात जायच्या आधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट होतो का ते बघतात. तशी बैठक ठरली. एका बाजूला मी आणि संदेश. सेलिना शिफ्टवर. समोर बॅरी, साठीच्या पुढचा, मोठ्या हातांचा माणूस. नवाकोरा शर्ट घातलेला, आणि त्यावर पाकिटातल्या घड्या जशाच्या तशा. आमच्यासाठी विकत घेतलेला होता तो. वकील आणला नव्हता. म्हणाला, मम पार्किंगपासून हळूहळू येतेय, वॉकर आहे तिचा, आपण सुरू करू.

मला वाटलं, काय नाटकी माणूस आहे.

आणि मी सुरू केलं. काय बोलले मी त्या दिवशी! इतक्या वर्षांत इतकी चांगली कधी बोलले नव्हते. म्हणाले, काही आया फार सोयीच्या असतात. नाव पीटर असलं की त्या आपल्या घरी सुखी असतात. नाव लोपीस असलं, त्वचा सावळी असली, की त्यांना लगेच लेकाची आठवण येते. म्हणाले, समोरच्या माणसाला ते कळत नाही असं समजू नका. त्याला कळतं, तो फक्त सभ्यपणे नमस्कार सांगतो आणि पुन्हा घर शोधायला लागतो — इथे माझा आवाज भरून आला. खरोखर भरून आला. मध्यस्थ बाईंनी माझ्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला. संदेश माझ्याकडे भारावून बघत होता. बॅरी टेबलाकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि मम आत आली.

वॉकर ढकलत, लिपस्टिक लावून, पायात घरातल्या सपाता. वॉकरच्या जाळीत एक डबा होता, त्यात तिने सगळ्यांसाठी केक आणला होता. पंच्याऐंशीच्या खाली नसेल. तिने सगळ्यांकडे बघितलं, संदेशपाशी थांबली आणि म्हणाली, “तूच का रे तो? ज्याला माझ्यामुळे घर मिळालं नाही?”

संदेश उठून उभा राहिला.

“मी न्हाणीघरात पडले, लव्ह. त्याच रात्री. मग ह्याने मला एकटीला ठेवलंच नाही. मी शहाण्यासारखी वेळेवर मेले असते तर तुला राहायला मिळालं असतं.” आणि ती खुदकन हसली.

संदेशने काय केलं? तो टेबलाला वळसा घालून गेला, खाली वाकला, आणि तिच्या सपातांना हात लावून नमस्कार केला. म्हातारीला वाटलं त्याचं काहीतरी खाली पडलं. मग तो बॅरीकडे वळला. “सॉरी, मेट. रिअली सॉरी.” बॅरीने त्याचा हात धरून ठेवला. “नो वरीज. नो वरीज, मेट.” पण होती त्याला वरी. त्याच्या आवाजात कितीतरी न झोपलेल्या रात्री होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तक्रार तिथेच मागे घेतली. मला केकचा तुकडा मिळाला. मी तो खाल्ला, कारण नाही कसं म्हणणार?

बाहेर लिफ्टपाशी संदेश माझीच समजूत घालू लागला. “ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही रोज तसलीच माणसं बघता, संशय येणारच. पण सगळे खोटं बोलत नाहीत हो. तुमच्या सासूबाईंचं ऐकलं तेव्हा मी कुठे शंका घेतली?”

लिफ्ट यायला वेळ लागत होता. तिथे आम्ही दोघंच होतो. आत्ता, मी स्वतःला म्हटलं. बोल. आत्ता.

“सासूबाईंचा व्हिसा अडकलाय रे,” मी म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल की हीच ती कबुली. एक खोटं, त्यापायी एका प्रामाणिक प्लंबरवर केलेला आरोप, आणि वर आणखी एक खोटं. मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. पण नाही. याहून वाईट जे आहे ते इतकं साधं आहे की त्यात सांगण्यासारखं काहीच घडत नाही.

फ्लॅट रिकामा होता.

तो सगळा हिवाळा रिकामा होता. लिफ्टपाशी उभी होते तेव्हा रिकामा होता. सेलिना रोज शहर ओलांडून कामावर येत होती तेव्हा रिकामा होता. मग डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हटलं आणि तिने ठरल्यापेक्षा खूप आधी काम सोडलं, तेव्हाही आमच्या मागच्या अंगणात एक दार, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि ईशाचे ड्रम होते. मला फक्त म्हणायचं होतं, “व्हिसा नाकारला, फ्लॅट मोकळा झालाय, या राहायला.” खोटं तर खोटं, पण निदान त्यांना घर मिळालं असतं. मी ते वाक्य न्हाणीघरात आरशासमोर म्हणूनही बघितलं. छान जमत होतं.

पण म्हटलं नाही. तो विचारेल, ताई, कधीपासून मोकळा आहे? मग मंडळात कळेल. मग गणपतीतल्या भाषणाचं काय? यासाठी. एका बाळंत होऊ घातलेल्या पोरीचे सुजलेले पाय एका पारड्यात आणि माझं भाषण दुसऱ्यात, आणि भाषण जड झालं. आणि बोंबील? तेही होतेच अजून, कुठेतरी मागे. सगळं कळूनसुद्धा.

मुलगी झाली त्यांना. बारशाला — म्हणजे बाप्तिस्म्याला — बोलावणं आलं. आधी चर्च, मग जेवण त्याच वेरिबीच्या घरी, मागच्या अंगणात. संदेशने हातात माईक घेऊन सगळ्या नातेवाइकांना माझी ओळख करून दिली. म्हणाला, “या ताई आमच्यासाठी लढल्या. आपण हरलो, पण परक्या देशात आपल्या बाजूने कुणीतरी इतकं बोलतं, हे मी विसरणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे काका उठून माझ्या पाया पडायला निघाले, त्यांना मी कसंबसं धरलं.

हात धुवायला आत गेले. वाटेत हॉल होता. पडदा अर्धा सरकलेला. सोफ्याच्या मागे गादी, गादीच्या कडेला भिंतीला खेटून बसवलेला पाळणा, पाळण्यावर वाळत घातलेली झबली. टीव्हीच्या टेबलावर दुधाच्या बाटल्या. मित्राची मुलं तिथूनच पळापळ करत होती आणि पाळणा हलत होता.

 मागून सेलिना आली, एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात ताट. बाहेर सगळ्यांसाठी पापलेट तळत होते, त्याचा वास घरभर.

“ताई, तुम्ही बाहेर बसू नका हं, त्रास होईल. हे तुमचं,” ती म्हणाली. “वांग्याची भाजी आहे, मी केलीय. आणि अजिबात शंका घेऊ नका, कढई नवीन आणलीय तुमच्यासाठी. मासळी लागलेली नाही तिला. तेलाची बाटलीपण नवीन फोडली.”

मी ताट घेतलं. म्हणाले, “अगं, कशाला एवढं केलंस.”

आणि दोनदा वाढून घेतलं.